झाकलेले वाफे

माझे घरमालक समोरच्या माणसाकडे बघून बोलत नसत. मान किंचित डावीकडे वळलेली आणि नजर तुमच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर, असं त्यांचं बोलणं. न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या मराठी मंडळींनी त्यावरून त्यांच्याबद्दलचं मत ठरवून टाकलं होतं. "फार शिष्ट आहेत," कोणी म्हणायचं. "साहेबी अजून उतरली नाही," दुसरं कोणी. मी त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले, तेव्हा पहिलं वर्षभर मीही तसंच समजत होते.

ते मूळचे अकोल्याचे. इकडे येऊन त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं, जुने पूल तपासायचं. लोखंडी पिंजऱ्यात उभं राहून पुलाच्या पोटाखालून जायचं, हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, तडा सापडला की खडूनं खूण करायची. "डोळ्यांनी न बघितलेल्या गोष्टीवर मी कधी सही केली नाही," हे ते आठवड्यातून एकदा तरी म्हणायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा टेक्ससमध्ये, अर्विंगला. घरात ते एकटे आणि मागच्या अंगणात त्यांचे चार वाफे.

जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी खोली दाखवलीच नाही. आधी मला मागं नेलं. ऑक्टोबर होता. लाकडी फळ्यांच्या चौकटीत कमरेएवढ्या उंचीचे चार वाफे, त्यांत मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. सभोवार हरणांसाठी उंच जाळीचं कुंपण आणि त्याला कडीचं फाटक. पहिल्या वाफ्यात रोवलेल्या फॅरनहाइटच्या थर्मामीटरकडे बोट करून ते म्हणाले, "किती दाखवतो?"

"चाळीस."

"चाळीस की चाळीसच्या आसपास?"

मी वाकून पुन्हा बघितलं. "एकेचाळीस."

"मग एकेचाळीस म्हणायचं," ते म्हणाले. "चल, खोली बघून घे."

त्या दिवसापासून रोज सकाळी ऑफिसला निघताना थर्मामीटर बघायचा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांना आकडा सांगायचा, हे माझं काम ठरलं. त्यांना स्वतःला दोन पावलं जाऊन बघायला काय होतं, असं मनात यायचं. पण घर चांगलं होतं आणि म्हाताऱ्या माणसाची एखादी लहर सांभाळायला मला जड नव्हतं.

खरं बोलण्यापायी त्यांनी किती माणसं तोडली होती, ते मला हळूहळू कळत गेलं. कोणाच्या सत्यनारायणाला गेले आणि यजमानीणबाईंनी "शिरा कसा झालाय काका?" असं विचारलं, तर ते "रवा कच्चा राहिलाय" असं सांगायचे. त्यात कुत्सितपणा नसायचा. विचारलं म्हणून सांगितलं. एकदा मंडळाच्या दिवाळीला एका मुलीनं गाणं म्हटलं, तिच्या आईनं कौतुकानं यांचं मत विचारलं. "दुसऱ्या कडव्यापासून सूर सोडला," हे म्हणाले. ती मुलगी नऊ वर्षांची होती. त्यानंतर त्यांना दिवाळीचं बोलावणं नेमानं यायचं, पण त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कोणी बसायचं नाही.

मुलाशी तुटलं तेही असंच. मुलानं अर्विंगला घर घेतलं, वास्तुशांत केली, वडिलांना विमानाचं तिकीट पाठवून बोलावलं. पाहुणे जेवत असताना हे गृहस्थ पेन्सिल घेऊन एकेका भिंतीशी फिरले आणि जिथे जिथे केसाएवढी चीर दिसली तिथे तिच्या टोकाला बारीक रेघ मारून तारीख लिहून आले. तिकडची माती पावसात फुगते, उन्हात आकसते, पाया सरकतो. "रेघेच्या पुढे चीर गेली की मला कळव," त्यांनी मुलाला सगळ्यांदेखत सांगितलं. सून आत जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी मुलानं त्यांना एअरपोर्टवर सोडलं, ते एक शब्द न बोलता. दोन वर्षांनी पाया खरंच दुरुस्त करावा लागला.

"मग तुम्ही म्हणालात का त्याला, मी सांगितलं होतं म्हणून?" मी विचारलं होतं.

"छे. ते कशाला म्हणायचं?" त्यांना माझा प्रश्न कळलाच नाही. "पण त्याला वाटतं मी मनातल्या मनात म्हणतो."

त्यांचं सगळं मार्दव त्या चार वाफ्यांत होतं. ऑगस्टच्या शेवटी पेरणी. मग सप्टेंबर संपला की तयारी. वाफ्यांवर पांढऱ्या पाइपच्या कमानी रोवायच्या, त्यांवर थंडीचं तलम पांढरं कापड, कडेनं क्लिपा आणि विटा. दुधाचे रिकामे कॅन पाण्यानं भरून रोपांच्या मधोमध ठेवायचे, म्हणजे दिवसा पाणी तापतं आणि नंतर ती ऊब सोडत राहतं. कापड पानाला टेकता कामा नये, टेकलं की तिथेच पान करपतं. आणि झाकायचं ते ऊन उतरायच्या आत. "अंधार पडल्यावर झाकलंस तर थंडीच आत कोंडशील," ते मला सांगायचे. "ऊब आहे तोवर कोंडायची." गारठलेल्या पानाला हात लावायचा नाही, हाही एक नियम. बोटाचा दाब पडला की पान काळं पडतं.

रोज चारच्या सुमाराला ते कापडं घालायचे. चार वाफ्यांना वीस मिनिटं. सकाळी ऊन वाफ्यांवर आलं की काढून घड्या करायचे. पहिलं हिम पडून गल्लीतल्या सगळ्यांचे टोमॅटो, वांगी काळी होऊन लोंबायची तेव्हा यांच्याकडे मेथी हिरवीगार असायची, अगदी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत.

शनिवारी दुपारी त्या मेथीच्या जुड्या पांढऱ्या दोऱ्यानं बांधून ते चार घरी द्यायचे. दारात उभे राहायचे, "घ्या" म्हणायचे आणि आत न जाता निघायचे. जी माणसं त्यांना टाळायची, ती या दिवसांत दार उघडून हसायची. कोपऱ्यावर एक काकू राहायच्या, रिटायर्ड डॉक्टर. त्या म्हणायच्या, "वर्षातले दोन महिने बाई हा माणूस सहन होतो." मला वाटतं, हे काकांनाही माहीत होतं. त्यांच्याजवळ लोकांना द्यायला दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्यांनी पालक कापताना कात्रीनं बोट कापून घेतलं, हाडापर्यंत. मी त्यांना टाके घालायला घेऊन गेले. गाडी त्यांनी उन्हाळ्यातच विकली होती, का ते कोणाला सांगितलं नव्हतं. येताना गाडीत टाके घातलेलं बोट वर धरून बसले होते. मग म्हणाले, "मधलं गेलंय माझं."

"काय गेलंय?"

"डोळ्यातलं मधलं. दोन्ही डोळ्यांतलं. कडेकडेचं दिसतं थोडं, धूसर. तू समोर उभी राहिलीस तर तू नसतेस. मान वळवली तर खांदा दिसतो."

मी गाडी चालवत होते. वेग कमी केला.

"डॉक्टरनं सांगितलं त्या दिवशी गाडीची किल्ली टाकली," ते म्हणाले. "खोटं मी कोणाला सांगितलेलं नाही. कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. मुलाला तर नाहीच. तो लगेच घेऊन जाईल."

"पण काका, तुम्ही एकटे—"

"एकटा नाही. तू आकडा सांगतेस ना रोज. मला तेवढं पुरतं. एक माणूस जे आहे ते सांगणारं असलं की बाकी मी अंदाजानं करतो."

मग कापणी माझ्याकडे आली. मी त्यांची पत्रं वाचून दाखवू लागले, औषधांच्या बाटल्यांवर मोठी अक्षरं काढून दिली. झाकणं मात्र त्यांनी सोडलं नाही. कमान हातानं चाचपायची, कापड ओढायचं, क्लिप लावायची. ते डोळ्यांवाचूनही जमत होतं.

आता पुढचं सांगते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ऑक्टोबरचा शेवट होता. आमच्या कंपनीत माणसं कमी करायला लागले होते. नोकरी गेली की व्हिसा जाणार, सगळं आवरून परत जावं लागणार, या विचारानं मी त्या दिवसांत नीट जेवतही नव्हते. एका बुधवारी मी घरून काम करत होते. दुपारी मॅनेजरचा फोन चालू असतानाच कोथिंबीर आणायला मागं गेले. फोन खांद्यात धरलेला, कोथिंबीर हातात. तो सांगत होता की माझ्या टीममधले दोघे गेले. मी तशीच घरात आले आणि फाटकाची कडी लावायची राहिली. काका त्या वेळी झोपलेले असायचे. मी खाली खोलीत बसून लॅपटॉपकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा बघायला गेले आणि सवयीनं कापडाची कड उचलली. आत काही नव्हतं. मेथी नाही, पालक नाही, मुळ्याची पानं नाहीत. बोटभर खुंट आणि मातीत हरणांच्या खुरांच्या खुणा. चारही वाफे तसेच. काकांनी आदल्या दिवशी चार वाजता येऊन त्या उघड्या मातीवर कापड घातलं होतं, आत हात न घालता, नीट ताणून. क्लिपा लावल्या होत्या, विटा ठेवल्या होत्या.

मी सांगायच्याच तयारीनं खिडकीपाशी गेले, हे मी शपथेवर सांगेन.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकतीस."

"पानं कशी आहेत?"

"ठीक आहेत," मी म्हटलं.

का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांची दया आली म्हणून, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं. पण कडी मी विसरले होते. त्या आठवड्यात माझ्या हातून आणखी एक चूक झाली हे कोणाला सांगायची माझ्यात ताकद नव्हती, हेही तेवढंच खरं. वाटलं, संध्याकाळी सांगू. मग वाटलं, उद्या.

शनिवार आला. "मेथी काढ," ते म्हणाले. मी इंडियन ग्रोसरीत गेले, मेथीच्या आठ जुड्या घेतल्या, रबरबँड काढले, पानं पुसली, पांढऱ्या दोऱ्यानं बांधल्या. त्यांना गाडीतून चार घरी घेऊन गेले. सगळ्यांनी कौतुक केलं. कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "यंदा काय टवटवीत आहे हो काका." परत येताना ते खूश होते. म्हणाले, "यंदा कमानी चार इंच उंच केल्या, त्याचा फरक."

असे तीन शनिवार गेले. आणि रोज चार वाजता ते कापड घालायचे. घरून काम असलं की मी खिडकीतून बघायचे. थंडीनं बोटं आखडायची, क्लिप पडायची, ती शोधायला ते गुडघ्यांवर बसायचे. कापड पानाला टेकू नये म्हणून कमानीवर पुन्हा पुन्हा ताणायचे. त्याखाली फक्त माती होती आणि पाण्याचे कॅन. मी तिथून बाजूलाही होऊ शकत नव्हते आणि बाहेर जाऊन सांगूही शकत नव्हते. एकदा मी खिडकीपाशी उभी राहून रडले, मग तोंड धुऊन मीटिंगला बसले.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी कडक थंडीचा इशारा होता. पारा चोवीसपर्यंत, गोठणबिंदूच्या बराच खाली जाणार म्हणत होते. मी नेहमीसारखी दुकानातून मेथी घेऊन घरी आले, तर मागचं फाटक उघडं. काका पहिल्या वाफ्याशी उभे होते. कापडं सकाळीच निघालेली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत. चोवीस म्हटल्यावर कापडाचा टिकाव लागणार नाही, म्हणून माझी वाट न बघता ते सगळी भाजी काढून घ्यायला आले होते.

ते या टोकापासून त्या टोकापर्यंत माती चाचपत गेले. मग दुसऱ्या वाफ्याकडे गेले. मग तिसऱ्या. चौथा झाल्यावर हात झटकले आणि माझ्या दिशेला मान वळवली.

"हातात काय आहे तुझ्या? वास येतोय."

"मेथी," मी म्हटलं.

"दुकानातली?"

"हो."

"आणि मागच्या शनिवारची?"

"तीपण. तीनही शनिवारची."

"इथलं कोणी खाल्लं?"

"हरणांनी. ऑक्टोबरात. काका, फाटक माझ्याकडून उघडं राहिलं होतं. फोनवर होते मी. कडी लावायची विसरले."

ते नखांतली माती काढत राहिले. "त्या दिवशी मला फाटक उघडं सापडलं होतं," शेवटी म्हणाले. "मला वाटलं, मीच विसरलो. म्हटलं, आता हेही जमेना झालं आपल्याला. तेव्हापासून रोज तीनदा जाऊन कडी बघत होतो."

मी रडत होते. त्यांनी मला गप्प राहा असंही सांगितलं नाही. आत गेले, हात धुतले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, "फोन लाव. चारही घरी. स्पीकरवर ठेव."

"काका, नको. माझी चूक आहे, मी सांगते सगळ्यांना."

"दारात उभा राहून मी दिली मेथी. मीच सांगणार."

पहिल्या घरी फोन लावला. "तीन आठवडे तुम्हाला दिलेली मेथी माझ्या वाफ्यातली नव्हती, दुकानातली होती. मी माझी म्हणून दिली. ते खोटं होतं," त्यांनी एका दमात सांगितलं. पलीकडचे गृहस्थ गोंधळले, "बरं बरं, त्यात काय काका" म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसरा फोन कोपऱ्यावरच्या काकूंचा. काकांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. काकू हसल्या, अगदी प्रेमानं.

"अहो, ते आम्हाला पहिल्याच शनिवारी कळलं होतं. तुमच्या जुडीला मुळं असतात, माती असते. आम्ही आपसांत बोललो, म्हटलं यंदा आली नसेल बिचाऱ्यांची, विचारायचं नाही. छान आहे म्हणायचं. तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका."

काकांनी फोनकडे मान वळवली.

"आणि डोळ्यांचंही माहीत आहे हो आम्हाला," काकू म्हणाल्या. "मी डॉक्टर आहे, मान वळवून बघता ते दिसतं ना मला. सगळ्यांना माहीत आहे. काही लागलं तर सांगत जा."

"थँक यू," काका म्हणाले. मी फोन बंद केला.

उरलेले दोन फोन त्यांनी लावायला सांगितले नाहीत. टेबलावर हात पालथे ठेवून बसून राहिले. बाहेर ऊन उतरत होतं. चार वाजून गेले होते.

"सगळ्यांना माहीत होतं," ते म्हणाले.

"हो काका."

"आणि आकडे? रोजचे?"

"आकडे खरे होते, काका. एकही खोटा नव्हता. आईची शपथ."

"असतील," ते म्हणाले. "पण आता ते मी कसं ठरवू?"

थोड्या वेळानं मी उठले आणि मागच्या दाराशी कापडं होती ती उचलली. चौथ्या वाफ्यात मुळ्याचे थोडे कंद मातीत शिल्लक होते, तेवढा तरी झाकावा म्हणून.

"राहू दे," ते आतूनच म्हणाले.

ते वाफे त्या रात्री उघडे राहिले. सकाळी दुधाच्या कॅनांतलं पाणी गोठून ते फुगले होते. मी थर्मामीटर बघितला आणि खिडकीपाशी गेले. काका टेबलाशीच होते. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी मुलाला फोन करून डोळ्यांचं सांगितलं. तो थँक्सगिव्हिंगला आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. तो वाईट नव्हता. "Dad, you should have told me," एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. डॉक्टरांच्या भेटी, कागद, अर्विंगला त्याच्या घराजवळच्या एका ज्येष्ठांच्या निवासात खोली. काकांनी कशालाच विरोध केला नाही. कागद पुढे आले तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, मी वाचून दाखवतो." काका म्हणाले, "नको, कुठे सही करू ते सांग." मुलानं त्यांचा हात धरून पेन रेघेवर टेकवलं आणि त्यांनी सही केली. मी तिथे कॉफी ठेवायला गेले होते, तशीच परत फिरले.

घर विकायला काढलं तेव्हा एजंटबाईंनी सांगितलं की मागचे वाफे गिऱ्हाइकाला अडगळ वाटतील. दोन माणसं ट्रक घेऊन आली. फळ्या उचकटल्या, कमानी दुमडून फेकल्या, माती अंगणात पसरून टाकली. अर्ध्या दिवसात झालं. मी जवळच्या एका अपार्टमेंटमध्ये राहायला गेले. माझी नोकरी टिकली.

मार्चमध्ये मी त्यांना फोन केला. आधी दोन-तीनदा नंबर काढून ठेवून दिला होता. तिथल्या बाईंनी त्यांना जोडून दिलं. मी नाव सांगितलं.

"हां, बोल," ते म्हणाले.

"कसं आहे तिकडे, काका?"

"छान आहे."

"खोली?"

"छान आहे. मोठी खिडकी आहे."

"जेवण कसं असतं?"

"चांगलं असतं. सगळे फार चांगले आहेत."

मी वाट बघितली. वाटलं, आता ते सांगतील की भाजी जास्त शिजवतात, शेजारचा घोरतो, खिडकीला फट आहे. "छान आहे सगळं," ते पुन्हा म्हणाले.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"नाही गं. तू माझ्या भल्यासाठीच केलंस," ते म्हणाले. "बरं, ठेवतो. जेवणाची वेळ झाली."

त्यांनी फोन ठेवला. तेव्हा टेक्ससमध्ये दुपारचे साडेतीन वाजले होते.